वॉटर स्कीइंग: पत्रे वाचकांची, उत्तरे आमची

गेल्या अंकात उन्हाळी सुट्टीतील जलक्रीडांवर एक छोटे टिपण आले होते आणि त्यात वॉटर स्कीइंगचा, म्हणजे धावत्या बोटीची दोरी धरून पायातल्या फळ्यांवर पाण्यावरून घसरण्याच्या खेळाचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींत उरकला होता. त्या दोन ओळींवर मात्र पत्रांचा ढीग जमला. त्यातली बरीचशी पत्रे परदेशी स्थायिक झालेल्या तरुण वाचकांची आहेत, ज्यांच्या घराजवळ तळे आहे आणि ओळखीत कोणाकडे तरी बोट आहे. उरलेली त्यांच्या आई-वडिलांची आहेत, जे मे महिना लागला की मुलांकडे चार महिने राहायला जातात आणि काठावर बसून हा खेळ पाहतात. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

मी मूळची पुण्याची, गेली दोन वर्षे मिनिआपोलिसला आहे. वॉटर स्कीइंगचा जन्म आमच्याच राज्यात झाला, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. हे खरे आहे का? आणि हिवाळ्यात मी बर्फावरचे स्कीइंग शिकले, त्याचा पाण्यावर उपयोग होईल का?

खरे आहे, आणि ती हकिगत सांगण्यासारखी आहे. मिसिसिपी नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवर एके ठिकाणी ऐसपैस पसरते. त्या विस्ताराला लेक पेपिन म्हणतात आणि त्याच्या काठी लेक सिटी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या राल्फ सॅम्युएलसन या मुलाच्या डोक्यात १९२२ च्या उन्हाळ्यात असे आले की, बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का येऊ नये. त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की बांधल्या. दोन्ही वेळा तो बुडाला. तेव्हा त्याने लाकडाच्या वखारीतून पाइनच्या दोन फळ्या आणल्या, प्रत्येकी सुमारे आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. त्यांची टोके त्याने आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात शिजवून मऊ केली आणि वर वाकवून तशीच आवळून ठेवली. पायासाठी चामड्याचा पट्टा, ओढण्यासाठी खिडकीच्या तावदानांना वापरतात तसली शंभर फूट दोरी आणि मुठीच्या जागी लोखंडी कडे, एवढाच सरंजाम होता. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता.

एवढे करूनही पहिले काही दिवस तो पडतच राहिला, आणि त्यामागचे कारणच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो स्कीची टोके पाण्याला समांतर धरत होता, त्यामुळे बोट ओढू लागताच टोके पाण्यात घुसत. २ जुलै १९२२ रोजी, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने टोके पाण्याबाहेर काढली, अंग मागे झुकवले आणि तो उभा राहिला. बर्फावर आपल्याला उतार खाली नेतो आणि शिक्षक सतत पुढे झुकायला सांगतात. पाण्यावर पुढून दोरी ओढत असते, त्यामुळे पुढे झुकलेला माणूस तोंडावर आपटतो. तुमच्या गुडघ्यांची लवचीकता आणि घोट्यांतला तोल नक्की कामाला येईल, पण पुढे झुकण्याची सवय किनाऱ्यावरच सोडून या. ज्यांनी बर्फावर काहीच केलेले नाही, त्यांना हे विसरण्याचे कष्ट तरी पडत नाहीत.

सॅम्युएलसनने १९२५ मध्ये चरबी लावून निसरड्या केलेल्या तिरप्या फळीवरून उडीही मारली, पण पेटंट मात्र घेतले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलर यांनी वॉटर स्कीचे पेटंट घेतले. लेक सिटीच्या त्या मुलाला अमेरिकी वॉटर स्की संघटनेने या खेळाचा जनक म्हणून मान्यता दिली ती थेट १९६६ मध्ये, तीही एका बातमीदार बाईंना तिथल्या भिंतीवर टांगलेल्या त्या जुन्या फळ्या दिसल्या आणि त्यांनी चौकशी केली म्हणून.

माझा मुलगा डॅलसजवळ राहतो आणि या वर्षी वॉटर स्कीइंग शिकणार आहे. वाढदिवसाला त्याला साहित्य भेट द्यावे असे वाटते, परंतु दुकानाच्या संकेतस्थळावर किमतींत इतकी तफावत आहे की काहीच उमजत नाही. काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने? — सांगली

आधी लाइफ जॅकेट घ्या, स्की सर्वांत शेवटी. दुकानदार तुम्हाला नेमका याच्या उलट क्रम सांगेल, कारण मोठी किंमत स्कीची असते. पण शिकाऊ माणसाच्या स्की मित्राकडून उसन्या मिळतात, दिवसाच्या भाड्यानेही मिळतात आणि वर्षभरात त्या बदलाव्याच लागतात. जॅकेट मात्र ज्याचे त्याच्याच मापाचे हवे.

वॉटर स्कीइंगच्या जॅकेटमध्ये फोम भरलेला असतो, आणि ते तसेच असले पाहिजे. दोरी ओढल्यावर हवा भरून फुगणारी जॅकेटे होडीत बसणाऱ्यांसाठी ठीक आहेत, परंतु वेगात पाण्यावर आपटणाऱ्या माणसाच्या ती उपयोगाची नाहीत. आतल्या पट्टीवर अमेरिकेच्या तटरक्षक दलाची मान्यता छापलेली आहे ना, हे पाहा. याच दुकानांत ‘स्पर्धेसाठी’ म्हणून अगदी पातळ, देखणी जॅकेटे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच जॅकेटांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, त्यांना ही मान्यता नाही. ती नवशिक्याने घेऊ नयेत. मोठ्यांचे माप छातीच्या घेरावर ठरते, तर मुलांचे वजनावर. कपडे घेताना आपण ‘वाढत्या अंगाचे’ घेतो, ती सवय इथे घातक आहे.

माप बरोबर आहे का, हे दुकानातच कळते. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे, दोन्ही हात सरळ वर करायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांजवळ धरून जॅकेट वर खेचायला सांगायचे. ते हनुवटीला किंवा कानांना लागले, तर पाण्यातही तेच होणार. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या वर्षी भाड्याने घेतलेले जॅकेट एक माप मोठे होते आणि देणाऱ्याने ‘पट्टा आवळा, चालेल’ असे सांगितले होते. पहिल्याच पडण्यात ते कानांपर्यंत वर आले, हात आडवे अडकले, आणि बोट वळून येईपर्यंत मी जॅकेटच्या गळ्यातून जेमतेम नाक बाहेर काढून बसलो होतो. बुडालो नाही, हे खरे, पण त्या दिवशी पुन्हा दोरी धरली नाही.

त्यानंतर दोरी आणि मूठ. वॉटर स्कीची दोरी पाण्यावर तरंगली पाहिजे, म्हणून ती साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनची असते, आणि मुठीपासून बोटीपर्यंत तिची प्रचलित लांबी २३ मीटर, म्हणजे ७५ फूट. मुठीच्या नळीवर रबराचे आवरण आणि दोन्ही टोकांना तरंगणारे फोम असतात. ही दोरी किंचित ताणते आणि तो ताण नवशिक्याच्या खांद्यांना पडणारा झटका सोसतो. वेकबोर्डसाठीची, म्हणजे एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून बोटीमागे जाण्याच्या खेळाची, दोरी मुद्दाम जवळजवळ न ताणणारी केलेली असते, त्यामुळे ‘दोरी ती दोरी’ म्हणून तीच वापरू नये. हवा भरलेल्या ट्यूबवर मुलांना ओढतात, ती दोरी तर वेगळीच असते. आणि घरातली नायलॉनची दोरी कधीही वापरू नका: ती रबरासारखी ताणते आणि तुटली तर तिचे टोक बोटीतल्या माणसांच्या अंगावर फटकारते.

हातमोजे पातळ तळव्याचे घ्यावेत. जाड घातले तर मूठ धरायला जास्त जोर लागतो आणि कोपराखालचे स्नायू दहा मिनिटांत भरून येतात. पाणी गार असेल तर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा, म्हणजे स्पंजासारख्या रबराचा, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट हवा. टेक्सासच्या जुलैत त्याची गरज पडणार नाही, पण एप्रिलमध्ये पडेल.

आता स्की. शिकण्यासाठी ‘कॉम्बो’ नावाची जोडी मिळते. तिच्या दोन्ही स्की रुंद असतात, पायाची रबरी पकड, म्हणजे बाइंडिंग, लहान-मोठी करता येते, आणि दोन्हींपैकी एका स्कीवर मुख्य पकडीच्या मागे आणखी एक पट्टा असतो, म्हणजे पुढे मुलगा एकाच स्कीवर जाऊ लागला की मागचा पाय त्यात घालता येतो. मोठ्यांच्या कॉम्बो साधारण दीड ते पावणेदोन मीटर लांब असतात आणि लांबी मुख्यतः वजनावर ठरते, उंचीवर नव्हे. रुंद स्की का, तर पाण्यावर आपल्याला वर उचलते ते स्कीच्या तळाखाली दाबले जाणारे पाणी. तळ मोठा असला की कमी वेगातही पुरेशी उचल मिळते. याच नियमाचे दुसरे टोक पाहायचे असेल तर अनवाणी स्कीइंग करणारे पाहावेत. त्यांच्या पायाखाली फक्त तळपाय असतो, म्हणून मोठ्या माणसाला ताशी ५५ ते ६५ किलोमीटर वेग लागतो, आणि त्या वेगात पडणे म्हणजे काय हे सांगायला नको.

कार्बन फायबरची, अरुंद, तळाशी अॅल्युमिनियमचे बारीक फिन, म्हणजे पाते, असलेली एकपायी स्लॅलम स्की सर्वांत महाग आणि सर्वांत देखणी असते. तीच भेट म्हणून द्यावीशी वाटेल. देऊ नका. ती वेगात वळण्यासाठी घडवलेली असते, शिकणाऱ्याला ती उभेही राहू देत नाही.

मी मूळचा नागपूरचा, फ्लोरिडात शिकतो. चार रविवार झाले, दर वेळी बोट सुटली की मी दोन सेकंदांत तोंडावर किंवा पाठीवर पडतो. हातांत ताकद कमी पडते का? व्यायामशाळेत जाऊ का?

व्यायामशाळेत जरूर जावे, पण या कारणासाठी नव्हे. ताकद कमी असलेली बारा वर्षांची मुले पहिल्या दिवशी उठतात आणि बलदंड तरुण पडतात, हे प्रत्येक तळ्यावर दिसते. याचे कारण असे की ताकदवान माणूस दोरीशी झुंजतो, आणि पलीकडे शंभराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन असते.

तुमच्या पडण्यातच दोष लिहिलेला आहे. पाठीवर पडत असाल, तर दोरी ताणताच तुम्ही मूठ छातीकडे ओढता. मूठ जवळ आली की क्षणभर दोरी सैल पडते, तुम्ही मागे कलता, आणि दोरी पुन्हा ताणेपर्यंत तुम्ही पाण्यावर बसलेले असता. तोंडावर पडत असाल, तर पाण्याचा दाब पायाला जाणवताच तुम्ही घाईने गुडघे सरळ करून उठता. मग स्की अजून पाण्यात असतात आणि दोरी तुम्हाला त्यांच्या पुढे ओढून नेते.

योग्य रीत अशी. पाण्यात लहान मुलासारखे गुडघे छातीशी घेऊन बसायचे, टाचा ढुंगणाजवळ, स्कीची टोके हातभर पाण्याबाहेर, दोन्हींच्या मधून दोरी, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, दोन्ही तळवे खाली. चालकाने बोट आधी अगदी सावकाश पुढे घ्यावी, दोरीतली ढील संपावी, आणि तुम्ही ‘हिट इट’ म्हटल्यावरच वेग द्यावा. अमेरिकेतल्या बहुतेक तळ्यांवर हाच शब्द चालतो. त्यानंतर तुमचे काम एकच: काही न करणे. हात सरळ, गुडघे वाकलेले, नजर बोटीवर. छातीवर पाण्याचा मोठा लोंढा येतो, डोळ्यांत पाणी जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी माणसाला वाटते की आता उठायलाच हवे. तो क्षण बसल्या बसल्या जाऊ द्यायचा. दोन-तीन सेकंदांत पायाखालचे पाणी एकाएकी घट्ट झाल्यासारखे लागते, आवाज बदलतो, खळखळ जाऊन सरसर सुरू होते. मग खुर्चीवरून उठावे तसे हळू उठायचे, आणि पूर्ण ताठ कधीच व्हायचे नाही.

पाण्यात जाण्याआधी हे किनाऱ्यावर करून पाहा. गवतावर स्की घालून बसा आणि समोर एका मित्राला मूठ धरून उभे करा. तो ओढेल, तुम्ही हात सरळ ठेवून फक्त उचलले जा. दहा वेळा हे केल्याने रविवारची अर्धी डुबकी वाचते. तुमच्या क्लबच्या बोटीला बाजूने आडवा दांडा, म्हणजे बूम, लावता येत असेल तर आणखी उत्तम: तो दांडा धरून बोटीच्या अगदी शेजारी उठता येते आणि शिक्षकाचे बोलणेही ऐकू येते. वेगाचेही विचारून घ्या. दोन स्कींवर मोठ्या माणसाला ताशी ३० ते ३५ किलोमीटर पुरतात. मित्र हौसेने याहून जोरात नेत असतील, तर दोष तुमचा नाही.

हे विचारावे की नाही, असा संकोच होता. माझ्या मैत्रिणीने मला बजावले आहे की, साध्या पोहण्याच्या पोशाखावर वॉटर स्कीइंग करू नकोस, निओप्रीनची चड्डी घाल. कारण मात्र तिने सांगितले नाही. हा केवळ सोवळेपणा आहे का?

मुळीच नाही. मैत्रीण शहाणी आहे, आणि संकोचामुळेच ही गोष्ट फार कमी ठिकाणी लिहिलेली आढळते. वेगात असताना माणूस पाय फाकून किंवा बसल्या स्थितीत पडला, तर पाणी दाबाने शरीरात घुसू शकते, स्त्रियांमध्ये योनिमार्गातून आणि कोणाही व्यक्तीत गुदद्वारातून. त्याने आत इजा होते आणि क्वचित ती गंभीर असते. वैद्यकीय साहित्यात अशा घटनांची नोंद आहे. पोहण्याचा पातळ कपडा हा दाब अडवत नाही. निओप्रीनची आखूड चड्डी किंवा वेटसूट अडवतो. पुरुषांनीही ती वापरावी. पडल्यानंतर ओटीपोटात दुखले किंवा रक्त दिसले, तर लाजेपोटी दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कसे पडलो ते स्पष्ट सांगावे.

आम्ही न्यू जर्सीत असतो. आठ वर्षांच्या मुलीला शिकवायचे आहे. बोट शेजाऱ्यांची, चालवणार माझे यजमान. काय काळजी घ्यावी?

बोटीत यजमानांखेरीज आणखी एक जाणते माणूस हवे, ज्याचे काम मागे तोंड करून मुलीकडे पाहत राहणे एवढेच असेल. चालकाने पुढे पाहायचे असते. एकाच माणसाला दोन्हीकडे पाहता येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांच्या नियमांतच असा निरीक्षक सांगितला आहे. काही ठिकाणी त्याऐवजी मागचे सगळे दिसेल असा रुंद आरसा चालतो, पण मूल शिकत असताना आरशावर भागवू नये.

इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. डोक्यावर हाताने थोपटले तर धक्क्याकडे परत चला. गळ्यावरून हात आडवा फिरवला तर ताबडतोब थांबा. सर्वांत महत्त्वाची खूण पडल्यानंतरची: दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवले की ‘मी ठीक आहे’. ती खूण दिसली नाही, तर मुलीला लागले आहे असे समजूनच बोट वळवावी. जवळ दुसऱ्या बोटी असतील, तर पडलेल्या स्कीपटूने एक स्की पाण्याबाहेर उभी धरावी, म्हणजे ती लांबून दिसते. नुसते डोके लाटांत दिसत नाही.

बोट परत येताना मुलगी चालकाच्या बाजूला राहील अशी वळवावी, आणि ती बोटीत चढण्याआधी इंजिन बंद करावे. गिअर काढून ठेवणे पुरेसे नाही. बोटीचा पाण्याखालचा पंखा फिरायला एक धक्का पुरतो. बोटीच्या मागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नका आणि बोट चालू असताना तिथे लोंबकळू देऊ नका: तिथे इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि उघड्या हवेतही त्याने माणसे दगावली आहेत. दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळायची नाही, हे मुलीला पहिल्या दिवशी सांगा आणि नंतर रोज सांगा. वेग ताशी २० ते २५ किलोमीटर पुरतो. लहान मुलांच्या स्की पुढे-मागे एकमेकींना बांधून मिळतात, त्या घ्या, म्हणजे पाय फाकत नाहीत. आणि ती ‘आता पुरे’ म्हणाली की पुरे.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पोहता येत नाही. या उन्हाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहे. जमेल का? — कोल्हापूर

वयाची अडचण नाही. साठी-सत्तरीतले अनेक जण हा खेळ खेळतात. पाठीचा, खांद्याचा किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. पोहण्याचे मात्र वेगळे आहे. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवील, पण न पोहणारा माणूस तोंडावर पाणी आले की घाबरतो, श्वास घेण्याऐवजी पाणी ओढतो, आणि या खेळात तोंडावर पाणी येणारच. कोल्हापुरात तलावांना तोटा नाही. निघण्यापूर्वी दोन महिने पोहायला शिका. निदान जॅकेट घालून पाठीवर निवांत पडून राहता येऊ द्या.

स्पर्धांचे चित्रण पाहतो. प्रत्येक फेरीनंतर दोरी आखूड करतात, ती का? दोरी लांब असेल तर अवघड नाही का? — डोंबिवली

तुमचा तर्क पहिल्या ऐकण्यात पटण्यासारखा आहे, पण हिशेब उलटा आहे, आणि तो समजला की स्लॅलम पाहायला खरी गंमत येते. स्लॅलमची मार्गिका २५९ मीटर लांब असते. बोट मधल्या सरळ रेषेतून जाते आणि स्कीपटूने दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवलेल्या सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, बाहेरून वळसा घालायचा असतो. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. ताशी ५८ ने ती मार्गिका सुमारे सोळा सेकंदांत संपते, म्हणजे दर अडीच-तीन सेकंदांना एक बोया.

दोरी १८.२५ मीटर असताना मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाहेर जाणे सोपे असते. कमाल वेगाला सहाही बोया झाले की वेग तोच ठेवून दोरी १६ मीटर करतात, मग १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ आणि पुढे ९.७५. आता आकडे ताडून पाहा: ११.२५ पासून पुढे दोरी बोयापर्यंत पोहोचतच नाही. १०.२५ च्या दोरीत किमान सव्वा मीटरची तूट आहे, आणि ती स्कीपटूने स्वतःच्या शरीराने भरून काढायची असते. म्हणून तो एका हाताने मूठ धरतो, हात पूर्ण लांबवतो, आणि खांदा पाण्याला टेकेल इतका आडवा होतो. स्की बोयाच्या बाहेरून जाते आणि डोके आतून. चित्रण थांबवून तेवढा एक क्षण पाहा. आखूड दोरीमुळे वळणही उभे आणि तीव्र होते, वेळ मात्र तेवढाच राहतो.

याशिवाय स्पर्धेत दोन प्रकार असतात. ट्रिक्समध्ये फिन नसलेल्या आखूड, रुंद स्कीवर वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त गिरक्या आणि कसरती करायच्या असतात. उडीत तिरप्या फळीवरून झेप घ्यायची असते आणि पुरुषांतले अव्वल स्कीपटू सत्तर मीटरच्या पलीकडे जातात. पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधील ज्वाँ-ले-पँ येथे झाली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. पदकांच्या यादीत तो अजून आलेला नाही. माझ्या मते एक बोट, एक चालक आणि पेट्रोलवर चालणारा खेळ म्हणून तो तिथे येणे कठीणच आहे.

भावाने अमेरिकेतून परतताना त्याची जुनी कॉम्बो जोडी मला देऊ केली आहे. आमच्याकडे समुद्र आहे, खाडी आहे, जेट स्की तर गणपतीपुळ्याला दिसतेच. मग आणायला सांगू का? — रत्नागिरी

जेट स्की आणि वॉटर स्की यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. जेट स्की हे इंजिन असलेले वाहन आहे, त्यावर बसून ते चालवायचे असते. वॉटर स्कीला स्वतःचे इंजिन नसते, तुम्हाला कोणीतरी ओढायचे असते, आणि त्यासाठी वेग अचूक राखणारी बोट, जाणता चालक आणि सपाट पाणी लागते. खरी अडचण पाण्याचीच आहे. तळ्यावरचे स्कीपटू पहाटे उठून जातात ते वारा उठण्याआधी पाणी काचेसारखे असते म्हणून. आपल्या किनाऱ्यावर भर समुद्रात ती स्थिती क्वचित मिळते. खाडीत पाणी शांत असते, पण तिथे जाळी आहेत, होड्यांची ये-जा आहे, आणि ओहोटीला वाळूचे पट्टे कुठे वर येतात हे स्थानिक कोळ्यालाच माहीत. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंदच असतात. आतल्या भागात धरणे आहेत, परंतु अनेक जलाशय पिण्याच्या पाण्याचे असल्याने तिथे यांत्रिक बोटींना बंदी किंवा परवानगीची अट असते.

देशात हा खेळ करून पाहायचा असेल तर श्रीनगरच्या निगीन तलावावर तो पर्यटकांसाठी फार वर्षांपासून चालत आला आहे. बोट चालवण्याचे आणि पाण्यातून माणूस वाचवण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. रत्नागिरीच्या माणसाने आधी तो अभ्यासक्रम करावा, असे मला वाटते, कारण आपल्याकडे हौशी स्कीपटूंपेक्षा जाणत्या चालकांची टंचाई मोठी आहे.

राहता राहिली भावाची जोडी. दीड मीटरहून लांब वस्तूचे विमान कंपनी वेगळे भाडे लावू शकते, तेव्हा आधी चौकशी करावी लागेल. शिवाय जुन्या कॉम्बोची रबरी पकड आधी तपासावी लागते: उन्हात पडून राहिलेले रबर कडक होते, वाकवले की त्यावर बारीक भेगा दिसतात, आणि ते भर वेगात फाटते. तेव्हा स्की त्याच्या गॅरेजमध्येच राहू द्या. त्याचे लाइफ जॅकेट तुमच्या छातीच्या मापाचे असेल, तर मात्र ते बॅगेत घालून आणायला सांगा. खाडी ओलांडताना होडीत बसायचे झाले, तरी ते लागेल.